उरलेले नऊ डोस

समजा, रात्रीचे दोन वाजलेत. डहाणू तालुक्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतंच एक बाळ जन्मलंय. बाहेर पाऊस. आत एक नर्स, एक मदतनीस आणि बाळाची आजी. शेजारच्या खोलीत लशींचा फ्रीज आहे. त्यात हिपॅटायटिस बीच्या लशीची एक कुपी आहे आणि तिच्यात दहा बाळांना पुरेल एवढी लस आहे. पण आज बाळ एकच आहे. उद्या दुसरं जन्मेल की नाही, कोणालाच सांगता येत नाही.

कुपी उघडायची का?

गेले काही महिने हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. वरवर तो सामानाच्या हिशोबाचा वाटतो, एखाद्या स्टोअरकीपरला विचारावा तसा. पण जितका विचार करावा तितका तो नीतीचा प्रश्न होत जातो. आणि त्याचं उत्तर आपण एक समाज म्हणून कसं देतो, यावर डहाणू-तलासरीतल्या कोणाचं यकृत चाळिशीत शाबूत राहणार हे ठरतं.

आधी आजाराबद्दल थोडं. हिपॅटायटिस बी म्हणजे आपल्याकडे ज्याला पांढरी कावीळ म्हणतात तो आजार. कावीळ म्हटलं की आपल्याला पिवळे डोळे आठवतात, भगताचं औषध आठवतं, पथ्याचा ऊस आठवतो. या आजारात बहुतेकदा यातलं काहीच दिसत नाही. विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून, दूषित सुईतून पसरतो. आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातली पंचाण्णव माणसं त्यातून आपोआप बरी होतात. नवजात बाळाला लागण झाली तर हे गणित बरोबर उलटं होतं. दहातल्या नऊ बाळांच्या शरीरात विषाणू कायमचा मुक्काम करतो. वीस-तीस वर्षं काही जाणवत नाही. मूल शाळेत जातं, भात लावतं, लग्न करतं. मग अशा माणसांपैकी साधारण पाव जणांना यकृताचा सिरोसिस किंवा कर्करोग गाठतो.

म्हणून या लशीचा पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो. मांडीत, अर्धा मिली. नर्स त्याला ‘झिरो डोस’ म्हणतात. आई बाधित असेल तर विषाणू बाळंतपणातच बाळापर्यंत पोचलेला असतो. लस त्याच्या मागून धावत असते आणि शर्यत काही तासांचीच असते. पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून हीच लस मिळते, पण या बाळासाठी सहा आठवडे म्हणजे फार उशीर.

आता पुन्हा कुपीकडे. नियम काय सांगतो? नियम स्पष्ट आहे: उघडा. सरकारच्या ओपन व्हायल धोरणानुसार हिपॅटायटिस बीची उघडलेली कुपी अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरता येते. ती थंड ठेवलेली हवी, गोठलेली नको, लेबलवरच्या खुणेचा रंग बदललेला नको आणि उघडल्याची तारीख-वेळ लिहिलेली हवी. बीसीजी किंवा गोवराच्या लशीची गोष्ट वेगळी. त्या कुप्या चार तासांनी टाकून द्याव्या लागतात. म्हणजे आपल्या कुपीतले उरलेले नऊ डोस खरं तर वाया जातच नाहीत. ते महिनाभर पुढच्या बाळांची वाट बघू शकतात. आणि समजा एकही बाळ आलं नाही, तरी नियम उघडा असंच सांगतो.

तरीही हात थबकतो. भारतात जन्मवेळच्या डोसचं प्रमाण मागे का राहिलं याची कारणं शोधली गेली, तेव्हा ‘डोस वाया जातील’ ही भीती त्यांत पुन्हा पुन्हा सापडली.

माझी आत्या तलासरी तालुक्यात एएनएम होती, आता निवृत्त झालीय. मी तिला विचारलं, “आत्या, नियम माहीत असूनही हात का थबकतो गं?”

ती म्हणाली, “अरे, वाया गेलेल्या डोसला रजिस्टरमध्ये रकाना आहे. न दिलेल्या डोसनं बिघडलेल्या माणसाला रकाना आहे का कुठे? कुपी उघडली आणि नऊ डोस टाकले, तर महिन्याच्या मीटिंगला माझं नाव निघणार. आणि नाही उघडली, तर तीस वर्षांनी तो माणूस मुंबईच्या कुठल्याशा वॉर्डात मरणार. तिथे माझं नाव कोण घेणार?”

यात मला सगळ्या प्रश्नाचं मूळ दिसतं. एक तोटा आज होतो, मोजता येतो आणि त्याच्यावर सही असते. दुसरा तोटा तीस वर्षांनी होतो, दुसऱ्याच शहरात होतो आणि त्याच्यावर कोणाचीच सही नसते. आपण माणसं दिसणाऱ्या तोट्याला भितो. आणि आपण बनवलेल्या व्यवस्थाही त्यालाच भितात, कारण त्यांचे रकाने आपणच आखलेले असतात.

आता तुम्ही म्हणाल, लसीकरणाचे आकडे तर चांगले आहेत. आहेतच. भारतातल्या बारा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी सुमारे चौऱ्याऐंशी टक्के मुलांना हिपॅटायटिस बीचे तीन डोस मिळाले होते, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. जगाचा आकडाही तिथेच आसपास आहे. पण जगातल्या किती बाळांना जन्मवेळचा डोस वेळेत मिळतो? निम्म्याहून कमी, पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास. शिवाय आपल्याकडे मूल ‘पूर्ण लसीकरण झालेलं’ ठरवताना या झिरो डोसची गणतीच होत नाही. म्हणजे बाधित आईच्या बाळाला जो डोस सगळ्यात जास्त हवा होता, तो न मिळताही ते बाळ कागदावर पूर्ण सुरक्षित असू शकतं. टक्केवारी इथे खोटं बोलत नाही. तिला विचारलेला प्रश्नच दुसरा असतो.

इथे एक जुना वाद आठवतो. लस थोडी असेल, पैसा थोडा असेल, तर ती कोणाला द्यावी? सगळ्यांना, की ज्यांना धोका जास्त आहे त्यांनाच?

दुसरं उत्तर शहाणपणाचं वाटतं. अमेरिकेनं सुरुवातीला तेच निवडलं. तिथे १९८२ पासून लस मुख्यतः ‘हाय रिस्क’ मानलेल्या लोकांसाठी होती: आरोग्य कर्मचारी, डायलिसिसचे रुग्ण, समलिंगी पुरुष, सुईनं नशा करणारे. जवळजवळ दहा वर्षांत अपेक्षेएवढी घट झालीच नाही. ज्यांना धोका जास्त, ते लशीपर्यंत पोचत नव्हते. आणि लागण झालेल्या अनेकांना आपण कुठल्याच यादीत बसतो असं वाटत नव्हतं. शेवटी १९९१ मध्ये ठरलं की प्रत्येक बाळाला लस द्यायची. तैवाननं तर १९८४ मध्येच देशव्यापी मोहीम सुरू केली. आधी बाधित आयांच्या बाळांना, मग दोन वर्षांत सगळ्याच बाळांना. तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग पुढच्या काळात जवळपास निम्म्यावर आला.

जेफ्री रोझ नावाच्या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञानं १९८५ मध्ये याच्या मुळाशी असलेली गोष्ट मांडली. थोडा धोका असलेली माणसं खूप असतात आणि खूप धोका असलेली थोडी. त्यामुळे एकूण आजारी माणसांत पहिल्या गटातलीच जास्त निघू शकतात. धोक्याची यादी कितीही काळजीपूर्वक केली, तरी आजार यादीबाहेर सापडतोच.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची साथ आली आणि कित्येक माणसं दगावली. ती माणसं कुठल्या ‘हाय रिस्क’ यादीतली होती? ती ताप-खोकल्यासाठी डॉक्टरकडे गेलेली साधी माणसं होती. त्यांना टोचलेल्या सुया आधी दुसऱ्यांना वापरलेल्या होत्या. धोका त्या माणसांच्या अंगात नव्हता, सुईत होता.

म्हणून मला ‘हाय रिस्क लोक’ हा शब्दप्रयोगच खटकतो. धोका रक्तगटासारखा माणसाला चिकटलेला नसतो. आपण माणसाला कुठे उभं करतो, यावर तो ठरतो.

पण म्हणून ‘सगळ्यांना लस’ एवढं म्हणून थांबता येतं का? मला नाही वाटत. कारण ‘सगळ्यांना’ या शब्दातही एक चलाखी लपलेली असते. ज्यांच्यापर्यंत पोचणं सोपं आहे, त्यांच्यापर्यंत आधी पोचायचं. त्यातून टक्केवारी नव्वदीकडे सरकते. उरलेले दहा कोण, हे कोणी विचारत नाही. आणि ते उरलेले कोणीही नसतात असं नाही. बहुतेक वेळा तेच तेच असतात.

डहाणू आणि तलासरीत ते कोण, हे नकाशा आणि कॅलेंडर उघडलं की समजतं. समुद्राकडे डहाणू स्टेशन, घोलवड, बोर्डी, चिकूच्या वाड्या, दवाखाने. हायवेच्या पूर्वेला डोंगर आणि एकमेकांपासून दूर पसरलेले पाडे. पावसात ओहोळ भरला की पाडा तुटतो, आणि बाळ काही पाणी ओसरायची वाट बघत नाही. ते घरीच जन्मतं, किंवा वाटेत. दवाखान्याबाहेर जन्मलेल्या बाळाचे चोवीस तास बहुतेकदा रस्त्यावरच संपतात.

मग कॅलेंडर. भात कापून झालं, दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे होतात. कोणी वीटभट्टीवर जातं, कोणी बांधकामावर, कोणी वापी-उंबरगावकडे. पुरुषांची एक मोठी संख्या गुजरातच्या मासेमारी बोटींवर जाते: वेरावळ, पोरबंदर, ओखा. पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटून आलेल्या मच्छीमारांच्या बातम्यांत डहाणू-तलासरीची गावं येतात ती यामुळेच. बोटींचा हंगाम पावसाळ्याच्या शेवटी सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो.

आता मोठ्या माणसाचं लसीकरण बघा. पहिला डोस आज, दुसरा एक महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. पंधरा जुलैला पहिला डोस घेतलेला खलाशी ऑगस्टच्या मध्यावर कुठे असेल? जानेवारीत कुठे असेल? ‘शून्य-एक-सहा’ या तीन आकड्यांत एक माणूस गृहीत धरलेला आहे. त्याला कायमचा पत्ता आहे, त्याच्याजवळ एकच दवाखाना आहे आणि त्याचे सहा महिने त्याच्या ताब्यात आहेत. ज्याचं पोट स्थलांतरावर आहे तो या वेळापत्रकात बसत नाही. मग आपण लिहितो: ‘लाभार्थी तिसऱ्या डोसला आला नाही.’ वेळापत्रक त्याच्याकडे गेलं नाही, असं कोणी लिहीत नाही.

दवाखान्याच्या आतही हेच. बाधित रक्ताची सुई टोचली तर लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता एचआयव्हीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. हा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सांगतात की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. प्रत्येकाला. म्हणजे सर्जनला आणि पिवळी पिशवी उचलणाऱ्या कंत्राटी बाईलाही. पण डॉक्टर होणाऱ्याची लस कॉलेजातच होते, कारण तो संस्थेचा असतो. सफाईवाली ठेकेदाराची असते. ठेकेदार बदलला की तिची नोंद पुन्हा पहिल्यापासून. शून्य-एक-सहा मधलं सहा तिच्याही वाट्याला येणं कठीण. सुई मात्र डॉक्टर आणि सफाईवाली असा भेद करत नाही.

इथे मला या भागाचा इतिहास आठवतो, आणि तो उगाच आठवत नाही. मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. यापुढे सावकार-जमीनदाराची वेठ करायची नाही, असं तिथे ठरलं. वेठ म्हणजे फुकट काम, हे आपल्याला पाठ असतं. पण वेठीच्या मुळाशी एक हिशोब होता: समोरच्या माणसाच्या दिवसाची किंमत शून्य. त्याचा दिवस घेतला तर काही खर्च झाला असं मानायचंच नाही.

तो हिशोब सावकाराबरोबर संपला का? गोवराच्या लशीसाठी पाड्यावरून चालत आलेल्या बाईला ‘अजून मुलं जमू द्या, मग कुपी उघडू’ असं जेव्हा सांगितलं जातं, किंवा ‘पुढच्या सत्राला या’ म्हणून परत पाठवलं जातं, तेव्हा कुपीतल्या डोसांची किंमत धरलेली असते. तिची बुडालेली मजुरी, तिची चाल, कडेवरचं मूल, यांची किंमत धरलेली नसते. सांगणारी व्यक्ती दुष्ट नसते. बहुतेकदा ती स्वतःच दमलेली असते. पण हिशोब तोच जुना. डोस वाया जाऊ नये म्हणून माणसाचा दिवस वाया घालवायचा.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. साधनं खरोखर मर्यादित असतात. प्रत्येक केंद्रानं बेफिकिरीनं कुप्या उघडल्या तर कुठेतरी तुटवडा होईल आणि दुसऱ्या कोणाचं बाळ मुकेल. वाया घालवू नका हा संस्कार वाईट नाही. ज्या घरात अन्न मोजून शिजतं, तिथे तर तो धर्मच असतो.

मला हा आक्षेप मान्य आहे, पण हिपॅटायटिस बीच्या बाबतीत तो आता लागू पडत नाही. एकेकाळी ही लस परदेशातून येई आणि सामान्य माणसाला परवडत नसे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं भारतात बनवलेली लस आणली आणि किंमत कोसळली. लस २००२-०३ मध्ये निवडक जिल्ह्यांत आणि शहरांत, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत आणि २०११-१२ मध्ये देशभर सरकारी कार्यक्रमात आली. आज तुटवडा आहे तो रात्रपाळीच्या माणसांचा, वाहनांचा, रस्त्यांचा. आत्या एकदा म्हणाली होती, “बाळ आलं की आधी त्याचा श्वास, मग नाळ, मग आईचा रक्तस्राव, मग कागद. त्या खोलीत मी एकटी. आणि लशीच्या खोलीची चावी दुसऱ्याकडे.”

म्हणूनच हा प्रश्न त्या नर्सच्या सद्गुणाची परीक्षा बनवणं मला अन्यायाचं वाटतं. आपण सगळी गुंतागुंत वरून खाली ढकलत नेतो आणि शेवटी रात्री दोन वाजता, सगळ्यात कमी अधिकार असलेल्या बाईच्या हातात देतो. मग तिनं कसं वागायला हवं होतं यावर चर्चा करतो.

खरं तर हा पेच निसर्गानं घातलेलाच नाही. तो पॅकिंगनं घातलाय. इंडोनेशियानं हिपॅटायटिस बीची लस एकाच डोसच्या, आधीच भरलेल्या, एकदाच वापरता येणाऱ्या सुईत दिली आणि गावातल्या मिडवाइफ ती घेऊन घरी जन्मलेल्या बाळांपर्यंत गेल्या. तिथे ‘उरलेले नऊ’ नव्हतेच, त्यामुळे प्रश्नही नव्हता. एक डोस, एक बाळ. दहा डोसांची कुपी प्रत्येक डोसामागे स्वस्त पडते हे खरं. पण तो वाचलेला पैसा कोणाच्या यकृतातून वाचतो, हेही त्याच हिशोबात लिहायला हवं.

आता थोडं तुमच्याबद्दल. हे वाचताना तुम्हाला वाटलं असेल की ही पाड्यावरच्या लोकांची गोष्ट आहे. तुमचा जन्म २००७ च्या आधी महाराष्ट्रात झाला असेल, तर सरकारी कार्यक्रमातून तुम्हाला ही लस मिळालेली नसण्याची शक्यता बरीच आहे. खाजगी डॉक्टरनं दिली असेल तर घरच्या जुन्या फाइलमध्ये कार्ड सापडेल. नसेल तर एक साधी रक्ततपासणी आणि तीन डोस. सहा महिने एका पत्त्यावर राहण्याची चैन तुमच्याकडे बहुधा आहे. ती वापरा. आणि घरात कोणी गरोदर असेल, तर तपासणीच्या यादीत हिपॅटायटिस बी आहे ना, आणि बाळाला झिरो डोस किती वाजता दिला, हे विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

पण फक्त स्वतःपुरतं विचारून भागणार नाही. वाया जाणं म्हणजे काय, हे ठरवणं हे मोठं सामर्थ्य असतं. आज ते ठरवणारा कागद सांगतो की टाकलेला डोस वाया, आणि न टोचलेलं बाळ म्हणजे फक्त रिकामी जागा. हा कागद बदलता येतो. कठीणही नाही. रजिस्टरच्या त्याच पानावर, वाया गेलेल्या डोसांच्या रकान्याशेजारी, आणखी एक रकाना आखायचा: जन्मानंतर किती तासांनी. आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये आधी तो वाचायचा.